फळ्याभोवतीची भिंत मोकळी का हवी?

पहिलीच्या वर्गात बाई फळ्यावर पांढऱ्या खडूनं 'कमळ' लिहितात. फळ्याच्या वर जिलेटिन पेपरचं तोरण आहे. डावीकडे बारा महिन्यांचा तक्ता, उजवीकडे फळं, भाज्या आणि वाहनं, खाली कार्डशीटची फुलं. छताला बांधलेल्या पताका पंख्याच्या वाऱ्यावर हलताहेत. त्या सगळ्या भिंतीवर सर्वांत फिकट गोष्ट कोणती असेल, तर बाईंनी आत्ता लिहिलेला तो शब्द. आणि सहा वर्षांच्या मुलानं नेमकं त्याच्याकडेच बघावं, अशी आपली अपेक्षा असते.

शाळा सजवण्याला आपल्याकडे अलीकडे बराच जोर आला आहे. 'बोलक्या भिंती', म्हणजे चित्रं-अक्षरांनी रंगवलेल्या भिंती, हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांत जुनाच. जानेवारी २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान सुरू झालं आणि गावोगावी रंगांचे डबे पुन्हा उघडले. यामागची माया खरी आहे. कित्येक शिक्षकांनी सुट्ट्यांत स्वतः ब्रश हातात धरला, पदरचे पैसे घातले. म्हणून या लेखात सजावट नको असं म्हणायचं नाही. कोणती गोष्ट कुठे आणि किती दिवस लावायची, एवढाच प्रश्न आहे.

## लक्ष 'द्यावं' लागतं म्हणजे काय

एसटी स्टँडवर उभे राहून तुम्ही 'पंढरपूर' ही पाटी शोधता. आजूबाजूला नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, क्लासच्या जाहिराती असतात, वीस गाड्या असतात. तुमची नजर हे सगळं बाजूला सारत पाटीवर जाते. असं नको ते दाबून हवं तेच निवडण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात 'निवडक अवधान' म्हणतात. ही क्षमता जन्मतः पुरी नसते. मेंदूचा जो पुढचा भाग हे आवरण्याचं काम करतो, तो पक्का व्हायला विशी उलटावी लागते.

त्याच स्टँडवर पाच वर्षांचं मूल काय बघतं? सर्वांत मोठं, सर्वांत रंगीत, हलणारं जे असेल ते. त्याला 'अरे, पाटी बघ' असं दहादा सांगितलं तरी नजर फ्लेक्सकडेच जाते. त्यात त्याचा आगाऊपणा नसतो. नजर आवरण्याची ताकदच अजून तयार व्हायची असते. वर्गात गंमत अशी की ज्या वयात ही ताकद सर्वांत कमी, त्याच वयाचे वर्ग आपण सर्वांत जास्त सजवतो: अंगणवाडी, बालवाडी, पहिली, दुसरी. दहावीच्या वर्गाच्या भिंती मात्र कोऱ्या असतात.

## पिट्सबर्गचा प्रयोग

अमेरिकेत पिट्सबर्ग इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी याची थेट परीक्षा घेतली. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. बालवाडीतल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे धडे शिकवले. तीन धडे तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत, तीन धडे धड्याला न लागणारं सगळं काढलेल्या खोलीत. मुलं तीच होती. बदलल्या त्या फक्त भिंती. मुलांची नजर कुठे जाते हे चित्रफितीवरून मोजलं आणि प्रत्येक धड्यानंतर छोटी चाचणी घेतली.

सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ धड्याबाहेर होतं, साध्या खोलीत २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, साध्या खोलीत ५५ टक्के.

हे आकडे आपल्या ३५ मिनिटांच्या तासिकेला लावून पाहिले तर साडेतेरा मिनिटं आणि दहा मिनिटं असा फरक येतो. एका तासिकेत साडेतीन मिनिटं. प्रयोगातले धडे छोटे होते, त्यामुळे हा हिशेब फक्त अंदाज येण्यापुरता घ्यावा. २४ मुलं ही संख्याही लहानच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या खोलीतही मुलांचं लक्ष उडतच होतं. भिंतीवर काही नव्हतं तेव्हा ती शेजाऱ्याकडे बघत, बुटाच्या नाडीशी खेळत. म्हणजे भिंत मोकळी केली की वर्ग ध्यानस्थ बसेल, अशी आशा धरू नये. लक्ष उडण्याचं एक मोठं कारण कमी होतं, इतकंच. पण ते कारण पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

पोर्तुगालमध्ये ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांवर झालेल्या प्रयोगातही (२०१८) हेच दिसलं. आजूबाजूला चित्रांची गर्दी असताना मुलांची लक्षाची आणि स्मरणाची कामं कमी चांगली झाली. म्हणजे हा प्रश्न बालवाडीबरोबर संपत नाही.

## मग भिंती कोऱ्या करायच्या का?

नाही. इथे इंग्लंडमधलं सॅलफर्ड विद्यापीठाचं काम उपयोगी पडतं. पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २७ शाळांतले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुलं अभ्यासली. अहवाल २०१५ चा. मुलामुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला १६ टक्के वाटा वर्गखोलीच्या रचनेशी जोडता आला. भिंतींच्या बाबतीत त्यांना आढळलं की फार गजबजलेला वर्ग वाईट आणि अगदी ओकाबोका वर्गही वाईट. भिंतींची २० ते ५० टक्के जागा मोकळी सोडा, असा त्यांचा सल्ला आहे.

त्याच अहवालातली आणखी एक बाब आपल्याकडे कुणी फारशी सांगत नाही. त्या १६ टक्क्यांतला जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमान यांचा होता. रंग आणि भिंतींवरची गर्दी मिळून साधारण पाव. म्हणून सुरुवात खिडक्यांपासून करावी. तावदानांवर चिकटवलेले कागद, ग्रिलला बांधलेले तक्ते आधी काढावेत. उजेडही येतो, वाराही येतो आणि गर्दीही कमी होते.

टक्केवारीत मात्र अडकून पडू नये. २० बाय २० फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. चार भिंती मिळून ८०० चौरस फूट. दार, चार खिडक्या आणि ८ बाय ४ चा फळा वजा केला की सुमारे ६८० उरतात. निम्मी जागा मोकळी सोडली तरी बाजारातले २० बाय ३० इंची ८० तक्ते उरलेल्या जागेत बसतील! नियम पाळला जाईल आणि वर्ग तसाच गजबजलेला राहील. किती लावलं यापेक्षा कुठे लावलं हे आधी बघायला हवं.

## मागच्या ओळीतून एक फोटो

शेवटच्या ओळीत, मूल बसतं तिथेच बसा. मुलं सतरंजीवर बसत असतील तर तुम्हीही खाली बसा. मोबाईल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि फळ्याच्या दिशेनं फोटो काढा. उभ्या माणसाला जो वर्ग दिसतो आणि खाली बसलेल्या मुलाला जो दिसतो, त्यात फार फरक असतो. खूप खाली लोंबणाऱ्या पताका फोटोत नेमक्या फळ्यावर आलेल्या दिसतील. टेबलावरचं साहित्य फळ्याचा खालचा भाग झाकत असेल.

आता भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: हिच्याकडे शेवटचं बोट कधी दाखवलं? या आठवड्यात दाखवलं असेल तर ती कामाची. महिन्यातून एखाद्या वेळी लागत असेल तर संदर्भाची. आठवतच नसेल तर ती सजावट.

कामाचे तक्ते फळ्याशेजारच्या बाजूच्या भिंतीवर, एका वेळी तीन-चार. संदर्भाचे तक्ते मागच्या भिंतीवर. सजावट वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा जिन्यात. फळ्याची भिंत मात्र राखीव ठेवा. फळ्याच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन फूट आणि वर छतापर्यंत काही नको. त्या भिंतीवर तारीख, वार, पट आणि आजचा धडा एवढंच असावं.

स्वयंपाकघरात मांडणीवर पन्नास डबे असतात, पण ओट्यावर आत्ताच्या भाजीला लागणारेच काढलेले असतात. भाजी झाली की डबे परत मांडणीवर जातात. तक्त्यांचंही तसंच व्हायला हवं. त्यासाठी मांडणी लागते, आणि ती नसते म्हणूनच तक्ते वर्षभर भिंतीवर राहतात. सोपी सोय अशी: प्रत्येक तक्त्याला वर आणि खाली लाकडी पट्टी लावा, वरच्या पट्टीला सुतळीचा फास. बाजूच्या भिंतीवर पाच फूट उंचीवर दोन मजबूत खिळे ठोका. एकाच विषयाचे चार-पाच तक्ते एकावर एक टांगा, हवा तो पुढे घ्या. सगळ्यांत वर एक कोरा पांढरा कागद किंवा मांजरपाटाचा तुकडा ठेवा. त्या तक्त्यांचं काम नसेल तेव्हा वर्गाला तेवढंच दिसेल. चिकटपट्टीनं चिकटवलेला तक्ता काढताना फाटतो, रंगही उपटून आणतो. मग तो काढायचा जीव होत नाही आणि जूनमधला तक्ता एप्रिलपर्यंत तसाच राहतो.

साहित्याची उघडी मांडणी समोर दिसत असेल तर तिच्यावर साध्या एकरंगी कापडाचा पडदा घाला. फुलाफुलांचा नको.

पताका, झुंबरं, लोंबत्या चित्रकार्डांचा आग्रह मात्र सोडूनच द्यावा. हलणारी वस्तू नजर सर्वांत आधी खेचते आणि आपल्या वर्गात पंखा तर दिवसभर चालू असतो. पंधरा ऑगस्टला लावलेल्या पताका सोळा ऑगस्टला उतरवायला मुलांनाच सांगा, हौसेनं उतरवतात.

## मागून वाचता न येणारा तक्ता

अक्षर किती मोठं हवं, याचा पाटीवाल्यांत एक ठोकताळा आहे: दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंची. वीस फूट खोलीत मागच्या मुलाला सहज वाचता यावं तर अक्षर दोन इंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वेलांटी, मात्रा आणि उकार यांना वर-खाली वेगळी जागा लागते, म्हणून दोन ओळींत अंतरही भरपूर हवं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो.

आता विकतचा 'आपले सण' किंवा 'मानवी शरीर' तक्ता बघा. त्यातली नावं जेमतेम पाव ते अर्ध्या इंचाची. अर्ध्या इंचाचं अक्षर पाच फुटांवरून नीट वाचता येतं. त्यापलीकडच्या सगळ्या मुलांसाठी तो तक्ता म्हणजे नुसता रंगांचा ठिपका. माहिती पोचत नाही, नजर मात्र खेचली जाते. असा तक्ता भिंतीवर लावण्याऐवजी गटात, मुलांच्या हातात द्यावा. तिथे तो सोन्यासारखा उपयोगी आहे.

लॅमिनेशनचंही तेच. खिडकीसमोरच्या चकचकीत तक्त्यावर उजेडाचा पांढरा पट्टा येतो आणि अर्ध्या वर्गाला अक्षरच दिसत नाही. तक्ता खिडकीच्याच भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधे लावला तर समोरून येणारा उजेड डोळे दिपवतो. त्यापेक्षा खिडकीला काटकोनात असलेली भिंत चांगली.

## भिंती आधीच रंगवल्या असतील तर?

तक्ता काढता येतो, ऑइल पेंटनं काढलेला हत्ती निघत नाही. बोलक्या भिंतींची ही खरी अडचण आहे.

सगळं पुसायची गरज नाही. फक्त फळ्याची भिंत एकरंगी करा: फिकट, चमक नसलेला रंग, बाकी भिंतींशी जुळणारा. एक चूक हमखास होते. ऑइल पेंटवर थेट डिस्टेंपर मारला जातो आणि पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात, खालून हत्ती परत डोकावतो. आधी भिंत पॉलिश पेपरनं घासून तिची चमक मारावी लागते, धूळ ओल्या फडक्यानं पुसावी लागते, मग प्रायमरचा एक हात आणि तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन हात. पैसे आत्ता नसतील तर फळ्याच्या दोन्ही बाजूंना एकरंगी कापड ताणून लावलं तरी भागतं.

फरशीवर आखलेल्या शब्दचक्रांचं आणि अंकपट्ट्यांचं उत्तर आणखी सोपं आहे. ज्ञानरचनावादी वर्गांत ही आखणी मुलांनी त्यावर बसून, उड्या मारून शिकावं म्हणून केलेली असते, आणि तेव्हा ती फार कामाची ठरते. गोष्ट ऐकायची किंवा फळ्याकडे बघायची वेळ आली की त्यावर साधी सतरंजी अंथरा.

आणि इमारतीलाच शैक्षणिक साहित्य बनवायची जी 'बाला' कल्पना यामागे आहे, तिच्यातली चांगली उदाहरणं मुळात चित्रांची नाहीतच. दाराच्या खाली फरशीवर आखलेला कोनमापक घ्या. दार उघडलं की ३०, ६०, ९० अंश मुलाच्या पायाशी दिसतात. कोन शिकायचा असेल तेव्हा मूल दार हलवून बघतं. बाकी वेळ तो जमिनीवर निमूट पडून असतो, कुणाचं लक्ष ओढत नाही. पायऱ्यांवरचे अंक, दाराच्या चौकटीवरची उंचीची पट्टी, ही त्याच जातीची उदाहरणं. नवीन काही रंगवायचं असेल तर अशा जागा निवडाव्यात.

## एका खोलीत दोन इयत्ता

द्विशिक्षकी शाळांत हा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. पहिली एका भिंतीकडे तोंड करून बसते, दुसरी समोरच्या भिंतीकडे. एकाची मागची भिंत ही दुसऱ्याची फळ्याची भिंत. अशा वेळी दोन्ही फळ्यांच्या भिंती मोकळ्या ठेवून सगळे तक्ते उरलेल्या दोन बाजूंना न्यावे लागतात, आणि तिथे खिडक्या-दारं असल्यानं जागा कमी पडते. दोन इयत्तांच्या मधे उभा करायचा घडीचा बांबूचा स्टँड इथे फार उपयोगी. त्याच्या दोन्ही अंगांना तक्ते टांगता येतात आणि एका गटाला दुसऱ्या गटाचा फळाही दिसत नाही. स्टँड मोठ्या मुलांच्या खांद्याइतकाच ठेवावा, नाहीतर शिक्षकाची पलीकडे नजर पोचत नाही.

## 'पण मुलांना सवय होतेच की!'

होते, पण अर्धवट. गॉडविन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हेच तपासलं. मुलं त्याच भिंती रोज बघतात तसतशी ओढ कमी होते, पण पूर्ण जात नाही. आणि समजा पूर्ण सवय झालीच, तर मुलं ज्याच्याकडे बघतच नाहीत तो तक्ता तिथे ठेवायचा कशाला, हाही प्रश्न उरतो.

काही मुलांना ही सवय फार अवघड जाते. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं आणि अवधानाची अडचण असलेली मुलं भिंतीवरच्या गर्दीनं इतरांपेक्षा जास्त विचलित होऊ शकतात. वर्गात असं एक जरी मूल असलं तरी त्याला फळ्याजवळ, मोकळ्या भिंतीच्या बाजूला बसवावं. ही सोय बिनखर्चाची आहे.

## तसबिरी, मुलांची चित्रं आणि तपासणी

सावित्रीबाई, जोतिबा, शिवाजी महाराज, बाबासाहेब यांच्या तसबिरी आणि संविधानाची उद्देशिका वर्गात असायलाच हव्यात. फळ्याच्या डोक्यावर, तोरणाच्या मागे, धुळीत असलेल्या तसबिरीला मान मिळतो असं नाही. बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर सारख्या आकाराच्या चौकटी एका ओळीत लावल्या, आजूबाजूला हातभर जागा सोडली, तर जयंतीला हार घालताना मुलं तिथे थांबतात आणि बघतात.

मुलांची चित्रं तर हवीतच. ३० मुलांची ए-फोर कागदावरची चित्रं तीन ओळींत दहा-दहा उभी लावली तर ८ बाय ४ फुटांच्या एका फलकावर मावतात. मागच्या भिंतीवर तेवढा एकच फलक ठेवा, पार्श्वभूमीला एकरंगी कागद, प्रत्येकाचं एक चित्र, दर पंधरवड्याला नवं. उतरवलेलं चित्र घरी पाठवा.

शाळा तपासायला केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी आले तर भिंती रिकाम्या दिसतील, ही भीती बऱ्याच शिक्षकांना वाटते आणि ती खोटी नाही. तक्ता लावल्याची आणि उतरवल्याची तारीख एका वहीत ठेवा: कोणता घटक, किती दिवस, मुलांनी काय केलं. वर्षभर हललेला नाही अशा तक्त्यापेक्षा ही वही शिकवण्याचा जास्त भक्कम पुरावा आहे. मुख्याध्यापकांनी ती स्वतः पुढे करावी, एकट्या वर्गशिक्षिकेवर सोडू नये.

## पहिले तीन आठवडे काय बघायचं

सगळं एका दिवसात उतरवू नका. आधी पताका, मग फळ्याची भिंत, मग बाकीचं. आठवड्याला एक टप्पा पुरे. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर त्याच तासिकेला दहा मिनिटं मोजा: दर एका मिनिटानं मान वर करा आणि किती मुलं फळ्याकडे किंवा वहीकडे बघताहेत ते लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, बाजाराच्या दिवशी आणि सणाच्या आदल्या दिवशी वर्ग वेगळाच असतो. चार दिवसांची सरासरी घ्या.

आणि एका गोष्टीकडे नीट बघा. गणित सोडवताना एखादी मुलगी थांबते, मान वळवते आणि जिथे आधी सातचा पाढा होता त्या कोऱ्या जागेकडे बघते. तो तक्ता सजावटीचा नव्हता. तिचं काम त्याच्यावर चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तो परत टांगा, तिला पाढा पाठ होईपर्यंत.